तुलनेसाठी

ठोकळ्यावर पेन्सिलने लिहिलंय:
टॉन्सिल, मुलगा, वय सहा, घोरतो.
त्याखाली माझ्याच अक्षरात: निरोगी.
यापलीकडे त्याची माझी ओळख नाही,
आणि विचारायची परवानगीही नाही.

ओउलूमध्ये डिसेंबरात साडेदहाला उजाडतं, दोनला मावळतं.
मी त्याच्या कितीतरी आधी येते,
बूट काढून लोकरी मोज्यांवर सपाता चढवते,
मेणाचा ठोकळा बर्फावर ठेवते.
मग पातं फिरतं. चार मायक्रॉन.
कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ असा पोराचा घसा
कोमट पाण्यावर तरंगतो
आणि मी कुंचल्याने त्याला काचेवर बोलावते.

प्रत्येक काचेवर दोघं शेजारी.
वर हा.
खाली कुणीतरी, ज्याचं आज ठरायचंय.
आधी ह्याच्याकडे बघायचं, अशी रीत.
ह्याच्यावर रंग नीट चढला
तरच खालच्याबद्दल तोंड उघडायचं.

पुस्तकात ह्या पेशींना पहारेकरी म्हणतात.
एकतीस वर्षांत मला एकही पहारेकरी दिसलेला नाही.
मला दिसतात गोल गोल वस्त्या,
अर्ध्या अंधारात, अर्ध्या उजेडात.
अंधारात बी पेशी घाईघाईने दुणावतात,
स्वतःची नक्कल करताना चुका करतात, करायच्याच असतात.
मग उजेडात येऊन ताटकळतात.
तिथे एक फांद्याफांद्यांची पेशी
जंतूचा एक तुकडा जपून बसलेली,
मागच्या हिवाळ्यातला, बहुधा बालवाडीतून आणलेला.
तो ज्यांना घट्ट धरता येतो
त्यांच्याशी एखादी टी पेशी दोन शब्द बोलते.
बाकीच्या तिथल्या तिथे गळतात.
त्यांना गिळत थोराड पेशी फिरतात, पोटात ठिपके ठिपके,
म्हणून सगळी वस्ती चांदणं पडल्यासारखी दिसते.

नव्याने आलेला याल्मारी पहिल्या दिवशी म्हणाला,
एवढी मरामर? आणि हे निरोगी?
मी म्हटलं, हो, हेच.
कॉफी घे, थंड होतेय.

फेब्रुवारीत एकदा खालचा तुकडा मानेतल्या गाठीचा होता.
नाव नसतं, नंबर असतो.
पण आमच्या नंबरात जन्मतारीख असते
आणि त्या तारखेला मी दरवर्षी इर्मेलीकडे केक घेऊन जाते.
वरच्या पोराच्या वस्त्या निळ्या राहिल्या, राहायला हव्यात तशा.
खाली एकाला एक चिकटून वस्त्याच वस्त्या,
सगळ्या तपकिरी, सगळ्या एका तोंडवळ्याच्या.
कुणी नापास होत नव्हतं.
कुणी मरत नव्हतं.
एक चांदणी नव्हती कुठे.

निदान करणं माझं काम नाही.
मी काच पुसली, ट्रेमध्ये ठेवली, पुढची घेतली.
संध्याकाळी बहिणीला फोन केला, हवेबद्दल बोललो.
ती म्हणाली, गाठ आहे खरी, पण दुखत तर काहीच नाही गं.

त्या पोराचे ठोकळे होते अकरा.
हा अकरावा, आणि मेणाखालचं प्लास्टिक दिसू लागलंय.
आणखी सात काप निघतील, हात स्थिर राहिला तर आठ.
सोळा वर्षं त्याने न विचारता
शेकडो अनोळखी माणसांच्या शेजारी उभं राहून दाखवलं
की असं असतं.
आणि त्याला इतकंच माहीत असणार
की लहानपणी एकदा घसा दुखला होता
आणि आठवडाभर आइस्क्रीम मिळालं होतं.
आता बाविशीचा असेल.
नवा ठोकळा एका मुलीचा आहे. पाच वर्षं. तीही घोरते.

आज परतताना बसच्या ड्रायव्हरने सिग्नलला मोठी जांभई दिली,
कोवळी दाढी, कानापर्यंत टोपी.
सवयीने मी आरशातून त्याच्या घशात डोकावले.
काय दिसणार? अंधार, दात, एक चांदीचं सिमेंट.
तरी माझा थांबा आला तेव्हा
धन्यवाद मी जरा मोठ्यानेच म्हणाले.
तो दचकला.
मागची माणसंही वळून बघायला लागली.